कुकरची वाफ जिरेपर्यंत: रोजच्या दिवसात कागदकाम आणि चांगलं खाणं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीवरून घरी यायला सात वाजतात, घरात आठ वर्षांची मुलगी आहे. कागदाच्या वस्तू करण्याची आवड शाळेपासूनची आणि साधंच पण मन लावून केलेलं खायची, खाऊ घालायची हौसही तितकीच. पण दोन्ही गोष्टी आता फक्त गणपती-दिवाळीत होतात, त्याही धावपळीत. त्या रोजच्या दिवसात कशा आणायच्या, काय विकत घ्यायचं, मुलीला कुठून सुरुवात करून द्यायची आणि या दिवाळीला घरचा कंदील आणि घरचा फराळ दोन्ही जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी शाळेत चित्रकला आणि कार्यानुभव शिकवत आलो आणि आमच्या घरचा रात्रीचा स्वयंपाक बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्या दोन्ही कामांतून सांगतो: छंदासाठी वेगळा वेळ शोधत बसू नका, तो सापडणार नाही. स्वयंपाकात हात रिकामे ठेवून थांबण्याचा वेळ भरपूर असतो. तो कागदाला द्या.

कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद, आणि पुढे वाफ जिरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं. कणीक मळून झाकून ठेवली की वीस मिनिटं ते अर्धा तास. कोथिंबीर वडीचा उंडा वाफवायला वीस मिनिटं, आणि नंतर तो पुरता निवायलाच हवा, नाहीतर सुरी लावली की वडीचा चुरा होतो. अळूवडीचंही तसंच. साबुदाणा भिजतो, इडलीचं पीठ फुगतं, चक्का टांगलेला असतो. हा सगळा वेळ आपण ओट्याशी उभं राहून किंवा फोन चाळत घालवतो. एखाद्या साध्या संध्याकाळी मोजून पाहा, अर्धा तास सहज निघेल. रोजचा अर्धा तास कागदाला मिळाला तर महिन्याभरात हात बसतो.

मात्र सगळे पदार्थ या कामाचे नाहीत. लाडवाचा पाक, सुरळीची वडी, बासुंदी, रवा भाजणं, तळण, यांच्यासमोरून हलायचं नाही आणि हातात दुसरं काही घ्यायचंही नाही. सुरळीच्या वडीला एक वाटी बेसनाला ताक आणि पाणी मिळून तीन वाट्या लागतात. ते सतत घोटत राहायचं आणि ताटलीवर थेंबभर पसरून तो सोलून निघाला की लगेच, गरम असतानाच पसरायचं. तिथे दोन मिनिटं इकडेतिकडे गेली की संपलं. ज्या दिवशी असं काही करायचं असेल त्या दिवशी कागद काढूच नका, पूर्ण लक्ष कढईला द्या. आनंद त्यातही आहेच.

क्रमाचंही एक सांगतो. आधी कागद, मग तेल-तूप. तुपाचं बोट कागदाला लागलं की तो डाग जन्माचा. उलट करावंच लागलं तर हातावर चिमूटभर कोरडं बेसन चोळा, मग साबणानं धुऊन पुसा. बेसन तेलकटपणा ओढून घेतं. आणि कागद ओट्यावर कधीच नको. ओट्यावर वाफ असते, ओल असते. जेवणाच्या टेबलावर किंवा खाली चटईवर एक मोठा ट्रे ठेवा आणि सगळं कागदकाम त्या ट्रेमध्येच करा. पानं घ्यायची वेळ झाली की ट्रे उचलून कपाटावर. पसारा आवरण्याच्या कंटाळ्यानं जितके छंद सुटतात तितके वेळ नाही म्हणून सुटत नसावेत, असं माझं मत आहे.

आता कुकर निवेपर्यंत नेमकं काय करायचं? माझी पहिली शिफारस सोनोबेचे तुकडे. जपानी ओरिगामीत एकाच प्रकारचे पुष्कळ तुकडे घडी घालून, डिंक न लावता एकमेकांत अडकवायची पद्धत आहे. त्यात मित्सुनोबू सोनोबे यांच्या नावानं ओळखला जाणारा तुकडा सगळ्यात सोपा. सहा तुकड्यांचा ठोकळा होतो, बाराचा टोकदार तारा आणि तीसचा गोळा. एक तुकडा हात बसल्यावर दोन-तीन मिनिटांत होतो, म्हणजे एका कुकरमागे चार तुकडे. ए-फोर कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटरचा असतो, त्यातून ७ सेंटिमीटरचे बारा चौरस निघतात. तीन कागदांत गोळ्याचे तीस चौरस निघून वर सहा उरतात, ते चुकण्यासाठी. झेरॉक्सचा साधा ८० जीएसएमचा रंगीत कागद यासाठी उत्तम. घोटीव कागद दिसतो छान, पण तो निसरडा असल्यानं तुकडे सुटून येतात. पुरा झालेला गोळा जेमतेम बारा ग्रॅम भरतो, तरी हातात घट्ट लागतो.

यात नवशिक्यांचा घोळ एकाच ठिकाणी होतो. तुकडा तयार झाला की तो तिरक्या चौकोनासारखा दिसतो, त्याला दोन टोकं आणि दोन खिसे असतात. पहिल्या तुकड्यात कोपरा उजवीकडे दुमडला असेल तर तिसाव्यापर्यंत तो उजवीकडेच जायला हवा. एखादा उलटा झाला की त्याचं टोक कुणाच्याच खिशात शिरत नाही आणि माणूस वैतागून सगळं टाकून देतो. म्हणून पहिला तुकडा नमुना म्हणून ट्रेमध्ये समोर ठेवा आणि प्रत्येक नवा त्याच्याशी ताडून पाहा. जोडताना तीन तुकड्यांचं एक टोक बनतं. गोळ्यासाठी अशी पाच टोकं एका बिंदूभोवती यायला हवीत. हे एवढं लक्षात ठेवलं की आकृती बघावीच लागत नाही.

आकृत्या वाचायला मात्र जरूर शिका, अर्ध्या तासाचं काम आहे. अकिरा योशिझावा (१९११–२००५) या जपानी कलावंतानं घड्या कागदावर लिहायची जी खूण-पद्धत बसवली तीच आज जगभर चालते. नुसती तुटक रेषा म्हणजे घडी आत, दरीसारखी. तुटक रेषेत टिंबं असली तर घडी बाहेर, डोंगरासारखी. या दोन खुणा आणि बाण समजले की कुठल्याही भाषेतल्या आकृतीवरून तुम्ही आणि मुलगी काम करू शकता. जाता जाता, जपानची पारंपरिक खाद्यसंस्कृती युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०१३ साली गेली आणि लगेच २०१४ साली तिथला हातकागद. तिथे या दोन्ही गोष्टींकडे सारख्याच आदरानं पाहिलं जातं, हे मला फार आवडतं.

आपल्याकडेही घडीची परंपरा काही कमी नाही, फक्त तिला आपण कला म्हणत नाही. पळसाच्या पानांचा द्रोण बघा. गोविंदविडा बघा. जुना वाणी डिंक न लावता शंभर ग्रॅम जिऱ्याची पुडी बांधायचा आणि ती घरी येईपर्यंत सुटत नसे. ती पुडी मी मुलांना वर्गात पहिली शिकवायचो, कारण तिच्यात चौरस कागद लागत नाही, माप लागत नाही, आणि झाल्यावर तिच्यात काहीतरी ठेवता येतं. ठेवता येईल अशी वस्तू केली की मुलांचा चेहरा बदलतो.

खाण्याकडे वळतो. रोजचं चांगलं खाणं म्हणजे रोज नवा पदार्थ, असं मला वाटत नाही. आठवड्याला एक जुनाच पदार्थ नीट करायचा, घाई न करता, आणि तो तसाच नीट बसून खायचा. पहिल्या आठवड्यासाठी मी दडपे पोहे सुचवेन, कारण ते गॅसपेक्षा थांबण्यावर होतात. तीन वाट्या पातळ पोहे चाळून घ्या. वाटीभर खवलेलं ओलं खोबरं, एक मध्यम कांदा अगदी बारीक चिरून, मूठभर कोथिंबीर, मीठ, चमचाभर साखर, एका लिंबाचा रस. हे सगळं आधी हातानं एकत्र चुरडा म्हणजे कांद्याला आणि खोबऱ्याला पाणी सुटतं, मग पोहे घाला. नारळ फोडताना निघालेलं पाणी वाटीत धरलेलं असतं, ते हातानं शिंपडा. ओतू नका, पोहे भिजायला हवेत, लगदा नको. वर घट्ट बसणारी ताटली पालथी घालून तिच्यावर वरवंटा किंवा पाण्यानं भरलेलं भांडं ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका. तेवढ्यात एक छोटी डबी घडी घालून होते. नंतर तेलात मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची, शेंगदाणे, कढीपत्ता अशी फोडणी वर घाला आणि खायच्या अगदी आधी पोह्याचा तळलेला पापड चुरून मिसळा. पापड आधी घातला तर तो मऊ पडतो आणि पदार्थाची सगळी गंमत जाते.

दुसरा पदार्थ अळूवडी, पण ती हातासाठी. पान पालथं घालून शिरा लाटण्यानं दाबून घ्यायच्या, चिंच-गूळ-बेसनाचं सारण पातळ थरात लावायचं, वर उलट दिशेनं दुसरं पान, पुन्हा थर, मग दोन्ही बाजू आत दुमडून घट्ट गुंडाळी. ज्याला हे जमतं त्याला कागदाची गुंडाळी कशी घट्ट ठेवायची ते शिकवावं लागत नाही. उकडीच्या मोदकाच्या कळ्या घालणाऱ्या हातांचंही तेच. नवशिका कळ्या मोठ्या आणि थोड्या घालतो, सरावाचा माणूस बारीक आणि जवळजवळ. पंख्याच्या घड्या घालताना अगदी तसंच होतं. फरक इतकाच की कागदात माप घेता येतं. एकामागून एक घडी घालत गेलात तर चूक साठत जाते आणि पंखा तिरका होतो. आधी कागद अर्धा, मग पाव, मग आठवा, मग सोळावा हिस्सा अशा रेषा पाडा आणि मग त्यांवरून पुढे-मागे घाला. पंखा सरळच येतो. मोदकात ही सोय नाही, तिथे डोळ्यालाच माप शिकवावं लागतं, आणि म्हणून मुलीला कळ्या शिकवायच्या असतील तर पोळ्या करताना कणकेचा एक गोळा तिच्या हातात द्या. उकड महाग आणि गरम. कणीक पुन्हा मळता येते.

कागद विकत घेताना रंगापेक्षा दोन गोष्टी पाहा, वजन आणि नस. वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कागद किती ग्रॅमचा. घड्यांसाठी ६० ते ८०, डब्या आणि पिशव्यांसाठी १२० च्या आसपासचा टिंटेड पेपर, कार्डासाठी २०० च्या वर. नस म्हणजे कागदातल्या तंतूंचा कल. यंत्रावर कागद बनताना तंतू बहुतांशी एकाच दिशेला पडतात. कागद हलकेच वाकवून पाहा, न मोडता, आधी उभा मग आडवा. तो सहज वाकतो तेव्हा घडीची रेघ ज्या दिशेला पडेल त्या दिशेला नस आहे. जाड कागदाची घडी नसेच्या दिशेनं घातली तर ती स्वच्छ बसते, आडवी घातली तर वरचा थर फाटल्यासारखा दिसतो. तिथे घडी घालायच्या आधी संपलेल्या बॉलपेननं पट्टी धरून रेघ ओढून घ्या. घडी चेपायला खास हत्यार लागत नाही, स्टीलच्या चमच्याची पाठ पुरते. ओल लागली की कागद नसेला आडवा जास्त फुगतो, खळ लावलेला कागद गोल का होतो त्याचं हेच कारण.

पुण्यात असाल तर आप्पा बळवंत चौक आणि रविवार पेठ-बोहरी आळीत हे सगळं मिळतं. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासूनची आहे, तिथला सुती चिंध्यांपासून केलेला कागद एकदा तरी हाताळून पाहा. आणि वेरूळला जाल तेव्हा दौलताबादजवळ कागजीपुरा हे गाव लागतं, तिथे शतकानुशतकं हातानं कागद बनत आला आहे. तयार संच, म्हणजे आधीच कापलेले तुकडे आणि चिकटवायच्या पट्ट्या असलेले खोके, मी घेऊ नका म्हणेन. त्यात मूल दुसऱ्यानं केलेला विचार जोडतं, स्वतः काही ठरवत नाही.

हत्यारांपैकी एक चांगली कात्री आणि मोडक्या पात्याचा नऊ मिलिमीटरचा कटर, बस. हा कटर जपानच्या योशिओ ओकाडा यांनी १९५६ साली काढला, पुढे त्यातूनच ओल्फा ही कंपनी उभी राहिली, आणि टोक बोथट झालं की पात्याचा एक तुकडा मोडून टाकायची कल्पना चॉकलेटच्या वडीवरून सुचली होती. लोक पातं मोडत नाहीत आणि मग बोथट पात्यावर जोर देतात, त्यानंच बोट कापतं. कागदाची कात्री स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका आणि दुधाची पिशवी कापायची कात्री कागदाला लावू नका. करंजीचं कातणही कागदावर फिरवायचा मोह होतो, तोही नको.

चिकटवायला खळ घरीच करा. पाव वाटी मैदा दीड वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवा, मग मंद आचेवर ढवळत राहा. पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी दिसायला लागली आणि चमच्याला लेप धरला की झाली. निवताना आणखी दाट होते. गाळून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवस राहते, पण बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विष आहे. ज्या घरात तीच भांडी, तोच ओटा आणि लहान मूल आहे तिथे मोरचूद आणूच नका. खळ खराब झाली तर फेकून नवी करा, पाच मिनिटांचं काम आहे.

डब्यांचं तुम्ही खास विचारलंत. फराळ किंवा एरवीच्या वड्या-लाडू शेजारी द्यायला जपानी मासू पद्धतीची डबी सगळ्यात भरवशाची. चौरसाचे चारही कोपरे मध्ये आणून बाजू उभ्या केल्या की डिंकाशिवाय डबी उभी राहते. मापाचं गणित साधं आहे: चौरसाच्या बाजूला २.८३ नं भागलं की तळाची बाजू मिळते आणि तिच्या निम्मी उंची. ३० सेंटिमीटरच्या कागदाची डबी सुमारे १०.६ सेंटिमीटर चौरस आणि ५.३ उंच होते, तिच्यात नेहमीच्या आकाराचे चार बेसन लाडू नेमके बसतात. झाकणाला ३० चाच कागद घ्या आणि खालच्या डबीचा कागद पाच-सहा मिलिमीटर लहान कापा. दोन्ही सारखे घेतले तर झाकण बसत नाही, ओढून बसवलं तर कोपरा फाटतो.

आत बटर पेपर घालायलाच हवा. रंगीत कागद खाण्यासाठी बनवलेला नसतो आणि लाडवाचं तूप त्याचा रंग ओढून घेतं. वर्तमानपत्र तर अजिबात नको. छपाईच्या शाईतली रसायनं गरम, तेलकट पदार्थात उतरतात, म्हणून भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असं बजावलं आहे. भजी-वड्याखाली तेल टिपायलाही ते ठेवू नका. रद्दीच्या टोप्या, होड्या, भिरभिरी करा, तिचा तो उपयोग खरा.

आता कंदील. हे जमेल, नक्की जमेल, पण सुरुवात कोजागरीला करायची. कोजागरीपासून वसुबारसेपर्यंत साधारण बारा दिवस मिळतात आणि कंदिलाला रोज थोडं थोडं काम लागतं, एका रात्रीत केला तर तो वाळत नाही आणि कुणाचीतरी चिडचिड होते.

बुरूड आळीतून किंवा तुमच्या गावातल्या बुरडाकडून कामट्या आणा आणि नऊ इंचांच्या चोवीस कामट्या कापून पॉलिश पेपरनं घासून घ्या, कुसळ बोटात जायला नको. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन बांधा. प्रत्येक जोडावर दोरा आणि वर फेव्हिकॉलचा थेंब. दुसऱ्या दिवशी चार चौकोन टोकावर उभे करून, कोपऱ्याला कोपरा बांधत, त्यांचं गोल कडं करा. वरच्या चार टोकांवर पाचवा चौकोन आडवा ठेवून बांधा, खालच्या चार टोकांना सहावा. बघा, मधल्या आठ रिकाम्या जागा आपोआप त्रिकोणी झाल्या आणि चोवीस कामट्यांत सगळा सांगाडा उभा राहिला. उंची पावणेतेरा इंच.

पण तो डुगडुगेल. इथे पुष्कळ जण कंदील सोडून देतात, आपलंच बांधणं सैल पडलं असं समजून. बांधणं सैल नसतं. त्रिकोण आपला आकार सोडत नाही, चौकोन मात्र दाबला की तिरका होतो, ही भूमितीच आहे. उपाय असा: बाजूच्या चारही चौकोनांत दोन्ही कर्णांवर दोरा ताणून फुली बांधा आणि वरच्या-खालच्या चौकोनांत कर्णावर एक-एक कामटी आडवी टाका. सांगाडा जागच्या जागी घट्ट होतो आणि वरच्या आडव्या कामटीला दिव्याचा होल्डर टांगायची सोय होते. हे मुलीला स्वतःला करून पाहू द्या, आधी फुलीशिवाय हलवून आणि मग फुलीनंतर. शाळेतली कर्णाची व्याख्या तिला पुढे कधी पाठ करावी लागणार नाही.

वरचा आणि खालचा चौकोन उघडे ठेवायचे, हवा खेळायला आणि हात आत घालायला. मग राहतात चार चौकोन आणि आठ त्रिकोण, म्हणजे बारा कागद. रोज रात्री कुकर लावला की दोन. पतंगाचा कागद घ्या, त्यातून उजेड छान झिरपतो. खळ कागदाला न लावता कामटीला लावा, कागद वर टेकवून मधून कडेकडे हलकेच ताणा आणि उरलेली अर्ध्या इंचाची कड दुसऱ्या दिवशी आत वळवा. पांढऱ्या कागदावर वाळल्यानंतर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारला तर तो सुकताना आणखी ताणला जातो, ढोलकीसारखा. रंगीत कागदावर हे करू नका, रंग उतरून ओघळ येतात. जोड झाकायला सोनेरी पट्ट्या, खाली झिरमिळ्या. झिरमिळ्या कापायचं काम पूर्ण मुलीचं: कागद तीनदा दुमडायचा आणि वरची दोन बोटं सोडून खालून काप देत जायचे. दिवा एलईडीचाच, पाच ते नऊ वॅटचा. जुना पिवळा बल्ब बहुतेक वीज उष्णतेत घालवतो, कागदाजवळ तो नको.

२०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलवर बंदी आली तेव्हा मखराचं कसं होणार म्हणून पुष्कळांना काळजी वाटली होती. आमच्याकडे त्या वर्षी पुठ्ठा आणि कार्डशीटचं मखर झालं आणि मला ते आधीच्या सगळ्या मखरांपेक्षा देखणं वाटलं. कागद घडी घालून ठेवता येतो, पुढच्या वर्षी उलगडता येतो. माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीआधी एक चक्कर मारा, कामट्या आणि कागदाचे कंदील तिथे बांधून टांगलेले असतात. जोड कसे झाकलेत ते जवळून बघण्यासारखं आहे आणि एखादा विकतही घ्या. घरी करणाऱ्यानं तो घेऊ नये असं थोडंच आहे.

फराळाचा क्रमही याच बारा दिवसांत बसवा. शंकरपाळे आणि शेव टिकतात, ते पहिल्या रविवारी. चकली त्या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी, पण त्या दिवशी कंदिलाला हात नाही, भाजणीचं पीठ आणि खळ एकाच दिवशी नको. चिवडा शेवटच्या आठवड्यात. पातळ पोहे मंद आचेवर कुरकुरीत भाजून, फोडणी घालून, मोठ्या परातीत पसरून पूर्ण निवू द्या. कोमट चिवडा डब्यात भरला की आतल्या वाफेनं तो सादळतो आणि मग कितीही भाजा, पहिल्यासारखा होत नाही. तो निवायला तासभर तरी लागतो. त्या तासात चार डब्या होतात, दोघी बसलात तर सहा. बेसन भाजायला मात्र एकट्यानं बसा आणि अर्धा-पाऊण तास मनाची तयारी ठेवा. घाईनं भाजलेलं बेसन टाळूला चिकटतं, आणि कितीही वेलची घातली तरी ते लपत नाही.

करंज्या शेवटी. सुक्या खोबऱ्याच्या आठवडाभर सहज राहतात, त्यांना मुरड घालायची असेल तर मुलीला शेजारी बसवा. पंख्याच्या घड्या आलेल्या बोटांना मुरड पटकन येते. ओल्या नारळाच्या करायच्या असतील तर नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी करा, एक-दोन दिवसांत संपवा, आणि त्या कागदाच्या डबीत भरू नका. सारणाला पाणी सुटतं आणि डबीचा तळ बसतो. त्या ताटातूनच शेजारी न्या.